कृपा की मेहेरबानी?
सिमोन वेलचं लिखाण वाचताना

दोस्तहो, 'कृपा' हा शब्द आला की माझं डोकं सरकतं. पाटलाची कृपा, सरकारची कृपा, विठोबाची कृपा. या शब्दाच्या पायी आपल्या बापजाद्यांच्या कंबरा वाकल्या. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये साफ सांगितलंय, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. म्हणजे वरून काही पडणार नाही, चालायचं आपणच. तरीबी मी दोन महिने झाले, रातपाळी सुटल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन येशूवर जीव लावलेल्या एका बाईचं लिखाण वाचतोय. कारण एकच. ही बाई मशीनवर उभी राहिली होती.

सिमोन वेल. जन्म १९०९, पॅरिस. घर ज्यू, बाप डॉक्टर, स्वतः तत्त्वज्ञानाची मास्तरीण. डिसेंबर १९३४ मध्ये रजा टाकून ती अल्स्टॉमच्या कारखान्यात कामगार म्हणून लागली. मग आणखी एक कारखाना, शेवटी रेनॉ मोटारीचा. ऑगस्ट १९३५ मध्ये खेळ खलास. वर्ष पण भरलं नाही. तिला परत जायला दार होतं, आपल्याला नाही. हे आधीच बोलून टाकतो, कारण याच रागात मी पुस्तक मिटणार होतो.

पण तिची कारखान्याची डायरी खोटी नाही. नगावर पैसे, म्हणून नग मोजत पळायचं, आणि पळताना डोकं चालवलं तर नग कमी पडतात, म्हणून माणूस डोकंच बंद करतो. हे घरी बसून सुचत नाही. आमच्या सूतगिरणीत रिंगफ्रेमवर धागा तुटला की सांधायचा, परत तुटला की परत सांधायचा. पाचव्या तासाला आपण नुसते हात उरतो. तिला भट्टीवर लावलं होतं, जाळानं हात भाजायचे. समोर वेल्डिंग करणारा एक जण, तिचा चेहरा वेदनेनं पिळवटला की कळवळून हसायचा. तिनं त्या हसण्याची नोंद ठेवलीय.

आणि ती बसची गोष्ट. एक दिवस बसमध्ये चढताना तिला वाटलं, मी गुलाम, मला इतरांसारखं तिकीट काढून बसता येतं ही केवढी मेहेरबानी! कुणी मला खाली ढकललं असतं तर ते मला रीतसरच वाटलं असतं. कारखान्यानं आपल्याला हक्क आहेत ही जाणीवच तिच्यातून काढून घेतली होती. मित्रांनो, हे वाचून मी उठून बसलो. मास्तरीणबाईला काही महिन्यांत जे झालं ते आपल्या माणसांना पिढ्यानपिढ्या झालं. १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी जे मोडलं ते हेच. पाणी ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आता माझं भांडण. हक्क मेहेरबानी वाटायला लागला की माणूस गुलाम झाला, हे जिला कळलं तीच बाई पुढं कृपेकडं कशी गेली? कारखाना सुटल्यावर ती पोर्तुगालला गेली. एका कोळ्यांच्या गावात पौर्णिमेच्या रात्री बायका मेणबत्त्या घेऊन होड्यांभोवती फिरत जुनी, काळीज फाडणारी भजनं म्हणत होत्या. तिला तिथं वाटलं, ख्रिस्ती धर्म हा गुलामांचाच धर्म, आणि मी त्यांच्यातली. म्हणजे गुलामी दिसली, पण बेडी तोडायच्या ऐवजी तिनं बेडीच्या आवाजात देव ऐकला. पुढं तर तिनं लिहिलं की लोकांची अफू धर्म नाही, क्रांती आहे. हे मला बिलकूल मान्य नाही. ती गीतेच्याही प्रेमात पडली, पुढं संस्कृतही शिकली. ज्या गीतेला बाबासाहेबांनी प्रतिक्रांतीची वकिली म्हटलं तीच गीता! पॅरिसहून चातुर्वर्ण्य दिसत नसेल कदाचित.

तरी एक कबूल केलं पाहिजे. तिची कृपा मालकाच्या मेहेरबानीसारखी नाही. ती म्हणते, खोट्या आशेनं रिकामी जागा भरू नका. रिकामं रिकामंच राहू द्या, तिथंच काही उतरलं तर उतरेल. बक्षीस नाही, पुढच्या जन्मीचं पेन्शन नाही. चर्चच्या दारात ती वर्षानुवर्षं उभी राहिली, बाप्तिस्म्याला नाही म्हणत. १९४३ ला इंग्लंडात क्षयानं वारली, वय ३४. फ्रान्समधल्या लोकांना रेशनवर मिळतं त्यापेक्षा जास्त खायला तयार नव्हती.

आमच्या खात्यात नगरकडचे एक मामा आहेत. आज्याच्या काळात त्यांचं घर ख्रिस्ती झालं. १९५० च्या आदेशानं त्यांची सवलत गेली, १९९० ला बौद्धांना मिळाली पण त्यांना नाही. जात मात्र गावानं सोडली नाही. मशीन चालू करायच्या आधी ते डोळे मिटतात. मी त्यांना ही पोर्तुगालची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "मामा, तुमचा देव गुलामांचा देव हाय म्हणं."

ते बॉबिन काढता काढता म्हणाले, "आरं पोरा, हक्क मी युनियनकडं मागतो. देवाकडं फकस्त सकाळपर्यंत उभं ऱ्हायाचं बळ मागतो. दोन्हीचा हिशेब येगळा हाय."

मला उत्तर सुचलं नाही. मी अजून म्हणतो की दोन्ही हिशेब एकाच वहीत होतात. पण सिमोन वेलच्या त्या भट्टीच्या पानावर देव कुठं नाही, समोरच्या वेल्डरचं हसू आहे. मामांनी ते पान परत वाचून दाखवायला सांगितलंय, रविवारी.