घाट कुठं गेला?

सायकलवरून लांब फिरून येणाऱ्या माणसाचं पूर्वी एक बरं होतं. तो घामाघूम होऊन यायचा, दोन तांबे पाणी प्यायचा, "कात्रज चढलो" एवढंच सांगायचा आणि आडवा व्हायचा. आपण विश्वास ठेवायचा. आता तो पुरावा घेऊन येतो. हा पुरावा काडेपेटीएवढा असतो, हँडलाला रबरी पट्टीने आवळलेला असतो आणि त्याच्या पोटात सबंध घाट, सबंध वारा आणि वाटेत भेटलेल्या सगळ्या म्हशी असतात. "चहाला या" या आमंत्रणाचा अर्थ हल्ली "माझी राइड बघायला या" असाही होतो. तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घेतलेलं बरं.

सिनेमावर समीक्षा होते, नाटकावर होते, नाट्यसंमेलनातल्या जेवणावरसुद्धा होते. या नव्या कलाप्रकारावर मात्र कुणी ओळ लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. काउंटरवर बसून लोकांच्या सह्या पारखण्याचा जो काही अनुभव गाठीशी आहे, तेवढ्या भांडवलावर हे धाडस करतो.

प्रथम यंत्राविषयी. गोप्रो कंपनीचा 2004 सालचा पहिला कॅमेरा चक्क फिल्मचा रोल घालायचा होता आणि तो लाटांवर खेळणाऱ्यांनी मनगटाला बांधायचा होता. पुढं 2009-10च्या सुमाराला मोटारीच्या किल्लीसारखे दिसणारे चिमुकले स्वस्त व्हिडिओ कॅमेरे निघाले आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज असे कॅमेरे हजार-दीड हजारांत मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '4के' छापलेलं असतं. आम्हां कॉमर्सवाल्यांना याचं नवल वाटत नाही. कंपनीचं अधिकृत भांडवल वेगळं आणि वसूल भांडवल वेगळं, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. पुष्कळ कॅमेरे आत लहान चित्र घेतात आणि ते ताणून मोठं करून दाखवतात. बारा जणांच्या आमटीत पाणी घालून वीस जणांना वाढण्यातलाच हा प्रकार!

आता गुणदोष. चित्राच्या कोपऱ्यात तारीख असते आणि घड्याळ लावायचं राहिलं तर ती कारखान्यातून निघतानाची, काही वर्षांपूर्वीची असते. आमच्याकडे असा चेक आला तर आम्ही तो परत पाठवतो. दुसरं म्हणजे, हा स्वस्त डोळा चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळी-ओळीने टिपतो. पहिली ओळ घेऊन शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत हँडल एका खड्ड्यातून जाऊन आलेलं असतं. त्यामुळं विजेचे खांब पाण्यातल्या सापासारखे वळवळतात आणि डांबरी रस्ता खरवसासारखा थरथरतो. आवाजाविषयी काय बोलावं? टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून वारा आत घुसतो आणि पत्र्याच्या शेडवर पाऊस पडावा तसा तासभर पडत राहतो.

पण हे सगळे किरकोळ दोष. खरी तक्रार पुढंच आहे. या चित्रपटांत घाट दिसतच नाही!

कारण साधं आहे. कॅमेरा हँडलाला बांधलेला, हँडल सायकलला आणि सायकल चढावर. सायकल जेवढी कलते तेवढाच कॅमेरा कलतो. मग रस्ता सपाटच दिसणार! क्षितिज दिसलं तर कल समजेल, पण घाटात समोर डोंगर असतो. त्यात रुंद काचेमुळं सगळं लांब आणि लहान दिसतं. ज्या वळणावर माणसानं आईवडिलांची आठवण काढली, ते वळण पडद्यावर लक्ष्मी रोडसारखं सरळ आणि सपाट दिसतं, आणि सायकल मात्र उगीचच हळू चाललीय असं वाटतं. दमलेल्या माणसाची याहून मोठी बदनामी दुसरी नाही.

आमच्या हेडकॅशियरसाहेबांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. एका रविवारी ते सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा घाट सायकलवरून चढले. वय चोपन्न. संध्याकाळी आम्हांला पोहे आणि चित्रपट असं दुहेरी आमंत्रण. साहेबांनी डोणजापासून सुरुवात केली. वीस मिनिटं सपाट रस्ता, वारा, रस्ता, वारा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, घाट कधी सुरू होतो?" साहेब म्हणाले, "अरे, घाटच चाललाय!" कुणी हसलं नाही, पण पोह्यांच्या बशांचा आवाज वाढला. त्यात शेवटची दोन-तीन वळणं उरलेली असताना पडदा काळा झाला. गड येण्याआधीच बॅटरी गेली होती.

पण मधे एके ठिकाणी एक गोष्ट झाली. चढ अगदी खडा आला असावा. पडद्यावर तो दिसत नव्हताच. सायकलचा वेग पायी चालण्याइतका उतरला आणि वेग उतरला तसा वारा गप्प झाला. त्या शांततेत साहेबांचा श्वास ऐकू येऊ लागला. मोठा, तुटक, घशात अडकणारा. मधेच स्वतःशीच, "चल... चल बाबा... एवढंच." चाळीस-एक सेकंद हे चाललं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चमचा हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एवढे दमता तुम्ही?" त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "हॅः! माइक खराब आहे."

माझं समीक्षक म्हणून मत असं की, त्या तासाभरात सिनेमा तेवढाच होता. बाकी सगळी नोंद होती. पूर्वी दुकानदार रोजकीर्द लिहायचे, म्हणजे आला गेला प्रत्येक पैसा ज्या क्रमानं आला गेला त्या क्रमानं. मग दिवा लावून खतावणी करायचे, म्हणजे कुणाचं काय हे नावानिशी वेगळं काढायचे. हा कॅमेरा अव्वल रोजकीर्द लिहितो. त्याला म्हैस आणि मोक्याचा क्षण सारखेच. खतावणी माणसाला करावी लागते, आणि तिथंच सगळे कंटाळतात.

जुन्या लोकांना हा कंटाळा परवडणारा नव्हता. ल्युमिएर बंधूंनी 1895 साली आपल्या कारखान्यातून सुटणारे कामगार चित्रित केले. त्यांत सायकलवाले आहेत, म्हणजे सायकलचा पडद्याशी संबंध पहिल्यापासूनचा. पण तो सबंध चित्रपट एका मिनिटाच्या आत संपतो, कारण फिल्मच तेवढी होती. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोप दिवसच्या दिवस वाढलं, प्रेक्षकांनी ते काही क्षणांत पाहिलं. मधला वेळ दादासाहेबांनी स्वतः सोसला, पाहुण्यांना सोसायला लावला नाही. यालाच मी सौजन्य म्हणतो.

हेडकॅशियरसाहेबांनीही नंतर काटछाट केली. तासाचे तीन मिनिटं केले. सायकल आता मोटारसायकलसारखी धावते, खाली ढोल-ताशा वाजतो, शेवटी मडक्यातल्या दह्याचा फोटो येतो. बँकेत सगळ्यांना आवडलं. मी विचारलं, "साहेब, ते श्वासाचं कुठं गेलं?"

"ते काढलं," ते म्हणाले. "बरं दिसत नव्हतं."

इथं मला या सबंध कलाप्रकाराचं दुखणं सापडलं. माणूस पुरावा म्हणून कॅमेरा बांधतो आणि आपण खरोखर चढलो याचा जो एकमेव पुरावा हाती लागतो, तोच लाजेखातर पुसून टाकतो. उरतो तो ढोल.

तेव्हा हँडलावर डोळा बांधून फिरणाऱ्यांना माझी विनंती आहे. म्हशी काढा, खांब काढा, संगीत तर काढाच. वारा थांबतो ती जागा शोधा आणि तेवढी ठेवा. घाट तिथं असतो. साहेबांची जुनी, न कापलेली फाइल वहिनींनी चिरंजीवांकडून मागून घेतली असं ऐकतो. त्यांना सायकलिंगमध्ये काडीचा रस नाही. पण पुढच्या रविवारपासून साहेबांच्या पाठीवरच्या पिशवीत लिंबू-सरबताची बाटली दिसू लागली, आणि कुठल्या वळणावर थांबून ती प्यायची हेही त्यांना घरूनच सांगितलं जातं.