उष्णता आणि तापमान : दोन संज्ञांच्या घडणीची चिकित्सा

उष्णता आणि तापमान या दोन कल्पनांचा विद्यार्थी घोटाळा करतात, ही भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची जुनी तक्रार आहे. या घोटाळ्याचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या अनवधानावर, क्वचित अध्यापनातील घाईवर फोडले जाते. ज्या शब्दांच्या द्वारे या कल्पना मराठी विद्यार्थ्यापर्यंत पोचतात त्या शब्दांची घडण मात्र सहसा तपासली जात नाही. ती तपासली असता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. मराठीच्या शब्दसिद्धीच्या अंगाने पाहता ‘उष्णता’ हा शब्द तापमानाच्या कल्पनेला शोभेल असा आहे, आणि ‘तापमान’ हा शब्द उष्णतेच्या. शास्त्रात त्यांची अदलाबदल झाली आहे. जो विद्यार्थी आपल्या भाषेच्या जाणिवेवर विसंबून अर्थ लावतो तोच येथे चुकतो, आणि ज्याला शब्दाचा अर्थ लावण्याची सवयच नाही तो व्याख्या पाठ करून सुटतो. ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

प्रथम शास्त्रातील भेद स्पष्ट केला पाहिजे. पेलाभर चहा, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, ९० अंश सेल्सिअसला आहे आणि स्नानाच्या बादलीतील १५ लिटर पाणी ४० अंशांना आहे असे समजू. चहाने जीभ पोळते, पाण्याने अंग सुखावते. परंतु दोन्ही २५ अंशांपर्यंत निवू दिले तर (चहा पाण्यासारखाच मानून) पेल्यातून सुमारे ९,७५० कॅलरी बाहेर पडतील, बादलीतून २,२५,०००, म्हणजे तेवीसपट. तापमान चहाचे अधिक, परंतु देण्याजोगी ऊर्जा बादलीत अधिक. तापमान ही पातळी आहे, आणि ती पदार्थाच्या कणांच्या यादृच्छिक हालचालीच्या सरासरी ऊर्जेशी निगडित आहे. त्या सर्व कणांच्या अशा ऊर्जेची बेरीज ती औष्णिक ऊर्जा. आणि तापमानातील फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जी ऊर्जा जाते तिला, ती जात असताना, उष्णता म्हणावयाचे. खडकवासल्याच्या जलाशयात पाणी किती आहे असे विचारता येते. पाऊस किती आहे असे कोणी विचारीत नाही. पाऊस पडत असतो तोवरच पाऊस; धरणात आला की तो साठा झाला. काटेकोर अर्थाने उष्णताही अशीच आहे, आणि म्हणूनच ‘पदार्थातील उष्णता’ हा सर्रास आढळणारा शब्दप्रयोग सदोष ठरतो. हा भेद युरोपातही आपोआप हाती आलेला नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यास ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने उष्णतेचे परिमाण आणि तिची तीव्रता यांना प्रथम निश्चयाने वेगळे केले. त्याची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये.

आता शब्दांकडे वळू. ‘-ता’ हा भाववाचक प्रत्यय आहे. विशेषणाला लागून तो त्या गुणाचे असणे सांगतो. किती असणे हे सांगत नाही. मराठी शास्त्रीय परिभाषेत या प्रत्ययाने घडलेल्या संज्ञा पाहाव्यात : घनता, आर्द्रता, तीव्रता, आम्लता, वाहकता. यांतील प्रत्येक संज्ञा अशा राशीची आहे की जी पदार्थाचा लहानसा भाग घेतला तरी बदलत नाही. तांब्याभर तेलाची घनता आणि थेंबभर तेलाची घनता एकच. या पंक्तीत ‘उष्णता’ येऊन बसली म्हणजे विद्यार्थ्याने काय समजावे? उष्ण असण्याचा गुण, तो किती तीव्र आहे ते. म्हणजे नेमके तापमान. ‘उष्माधारकता’ हा या पंक्तीतील अपवाद दाखविता येईल, कारण ती वस्तूच्या वस्तुमानाबरोबर वाढते. पण तेथेही ‘विशिष्ट’ हे विशेषण लागताच ती घनतेच्या शेजारी येऊन बसते.

‘-मान’ची कथा याहून बोधप्रद आहे. वस्तुमान, आकारमान, पर्जन्यमान या संज्ञांत मान म्हणजे माप, आणि ते माप बेरजेचे असते. दोन गोळ्यांची वस्तुमाने मिळविता येतात, दोन भांड्यांतील द्रवांची आकारमाने मिळविता येतात, जून आणि जुलैचे पर्जन्यमान मिळविता येते. विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात वस्तुमान व आकारमान या संज्ञा शिकतो आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून उदाहरणे सोडवितो. मग ‘तापमान’ हा शब्द येतो. रचना तीच, अन्वयही तोच : वस्तूचे मान, आकाराचे मान, तापाचे मान. ४० अंशांच्या दोन बादल्या एकत्र ओतल्या तर ८० अंश होतील असे जो विद्यार्थी लिहितो त्याची गणना मंदबुद्धीत होते. वस्तुतः त्याने सादृश्याचा नियम निर्दोषपणे चालविलेला असतो. एके काळी वृत्तपत्रांतून रूढ असलेला ‘उष्णतामान’ हा शब्द तर या बाबतीत अधिकच दिशाभूल करणारा होता, कारण तो तापमानाला उघडउघड उष्णतेचे माप म्हणत असे.

तथापि ‘-मान’ची दुसरीही एक शाखा मराठीत आहे, आणि परिभाषेच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. राहणीमान, जीवनमान, हवामान. येथे मान म्हणजे परिमाण नव्हे. पातळी किंवा स्थिती. सारख्या राहणीमानाची दोन कुटुंबे एका वाड्यात राहावयास आली तर वाड्याचे राहणीमान दुप्पट होत नाही. तापमान हा शब्द या शाखेचा आहे, वस्तुमानाच्या शाखेचा नाही, एवढे वर्गात एकदा सांगितले तर बादल्यांचे ते कोडे बरेचसे सुटेल. पाठ्यपुस्तकाने मात्र ही सोयरीक सांगितलेली नाही. शब्द दिला, व्याख्या दिली, पण शब्दाचे कूळ सांगितले नाही.

या ठिकाणी पुण्याच्या ‘बालभारती’चा, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाचा, विचार करणे प्राप्त आहे, कारण मराठी माध्यमाच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा या संज्ञांशी परिचय त्याच्याच पुस्तकांतून होतो. या पुस्तकांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. वहन, अभिसरण, प्रारण ही त्रयी सुटसुटीत आहे. ‘पुनर्हिमायन’ हा शब्द प्रथमदर्शनी जड वाटला तरी त्याचे तीनही भाग कानाला ओळखीचे आहेत आणि अर्थ आपला आपण उलगडतो. ‘अप्रकट’ हे विशेषण तर फारच मार्मिक : वितळणारा बर्फ प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी घेतो आणि तापमापीवर त्याचा मागमूस दिसत नाही, ऊर्जा तेथे आली आहे, पण प्रकट झालेली नाही. दोष निघतो तो वेगळ्या ठिकाणी. २०१८ मध्ये आलेल्या आठवीच्या पुस्तकात उष्णतेवरील प्रकरणाचे शीर्षकच उष्णतेच्या मापनाचा उल्लेख करते, आणि त्याच प्रकरणात तापमापी व कॅलरीमापी ही दोन्ही साधने येतात. त्यांपैकी उष्णता मोजण्याच्या कामी येते ते दुसरे. पहिले उष्णता मोजतच नाही. अशा शीर्षकाखाली तापमापी भेटल्यावर ती कशाचे माप देते हे विद्यार्थ्याच्या मनात कसे ठसावे?

त्यातच ‘उष्मा’ या शब्दाची भर पडते. प्रकरण उष्णतेचे, परंतु समासांत मात्र विशिष्ट उष्मा, अप्रकट उष्मा, उष्माधारकता. एकाच कल्पनेला दोन नावे देण्याचे शास्त्रीय कारण दिसत नाही. हिंदी परिभाषेत उष्णतेला ‘ऊष्मा’ आणि तापमानाला ‘ताप’ म्हणतात. मराठीत ‘ताप’ तसा घेता येत नाही, कारण तो अंगात येतो आणि डोक्यालाही होतो. त्यामुळे ‘तापमान’ स्वीकारणे भागच होते. पण ‘उष्मा’ या शब्दाला मराठीत स्वतःचे घर आहे. एप्रिल-मेमध्ये पुणेकर ‘उष्मा फार वाढला’ म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असतो तो उकाडा, हवेची गदमद. (संस्कृत व्याकरणकारांना तर हाच शब्द श, ष, स, ह या वर्णांसाठी हवासा वाटला. मुखातून निघणारा वाफेसारखा उच्छ्वास हे त्याचे निमित्त. परंतु तो विषय निराळा.) परिभाषेत एक तर उष्णता सर्वत्र ठेवावी, नाही तर उष्मा सर्वत्र. दोन्ही ठेवल्याने विद्यार्थी त्यांत नसलेला भेद शोधत बसतो आणि असलेला भेद विसरतो.

घरची भाषा या बाबतीत काय सांगते हे पाहणे मनोरंजक आहे. आंबा उष्ण, ताक थंड, सब्जा थंड, असे आयुर्वेदाच्या संस्कारातून आलेले वर्गीकरण घरोघरी चालते. शीतकपाटातून काढलेला आंबाही ‘उष्णच’ असतो. म्हणजे उष्ण असणे आणि स्पर्शाला गरम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच मान्य असते. मात्र त्याने शिकलेला भेद भौतिकशास्त्राच्या उपयोगाचा नाही, कारण ही ‘उष्णता’ पदार्थाच्या प्रकृतीत कायमची मुरलेली असते. ती कोठे जात नाही आणि कोठून येत नाही. उष्णता वस्तूत वास करते ही समजूत पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येला जी दाद देत नाही तिचे मूळ येथे आहे. याचा अर्थ मराठीच तेवढी सदोष आहे असा नव्हे. तापमानासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेल्या संज्ञेचे लॅटिन मूळ योग्य प्रमाणातील मिश्रण सांगते, आणि एके काळी तिचा संबंध शरीरातील धातूंच्या मिश्रणाशीही होता. तोही शब्द वैद्यांच्याच घरून आला. ‘कॅलरी’ या एककात तर उष्णतेला द्रव मानणाऱ्या, पुढे त्याज्य ठरलेल्या मताचा अवशेष आजही टिकून आहे. १७९८ मध्ये रम्फर्डने तोफांना भोके पाडताना निघणाऱ्या उष्णतेवरून त्या मताला धक्का दिला. मत गेले, शब्द राहिला.

परंतु मराठीची नामे जेथे गोंधळ करतात तेथे तिची क्रियापदे विलक्षण सावध आहेत, आणि प्रस्तुत चिकित्सेचा खरा रोख त्यांच्याकडे आहे. ताप चढतो आणि उतरतो. पाराही चढतो आणि उतरतो. ही क्रियापदे पातळीची आहेत. (ताप ‘भरतो’ असेही म्हणतात, हे नमूद केले पाहिजे, पण थर्मामीटर पाहून झाल्यावर कोणी भरला म्हणत नाही, चढला असेच म्हणतो.) उलट शेक हा शब्द पाहावा. शेक देतात, शेक घेतात, शेक लागतो. निखाऱ्यात किंवा विटेत शेक ‘आहे’ असे कोणी म्हणत नाही. देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाताना, तेवढ्याच वेळात, शेकाचे अस्तित्व. भौतिकशास्त्राला जी उष्णता अभिप्रेत आहे तिला इतका जवळचा शब्द दुसरा नाही. झळ आणि धग हेही लागतात.

आणि हे ‘लागणे’ स्वतंत्र विचाराचे धनी आहे. डिसेंबरच्या सकाळी पितळी तांब्या आणि लाकडी पाट यांना हात लावला तर तांब्या अधिक गार लागतो. रात्रभर एकाच खोलीत असल्याने दोघांचे तापमान सारखेच असते. पितळ हाताची उष्णता लवकर ओढून नेते एवढेच. मराठीत तांब्या गार ‘लागतो’ आणि गार ‘असतो’ या दोन भिन्न विधानांना भिन्न क्रियापदे सहज उपलब्ध आहेत. पहिले विधान उष्णतेच्या जाण्याविषयी आहे, दुसरे तापमानाविषयी. त्वचा ही तापमापी का नव्हे, हे सांगण्यास या एका क्रियापदाच्या जोडीइतके दुसरे साधन नाही.

पाठ्यपुस्तकी गद्याची शैली मात्र नामप्रधान आहे. तिच्यात उष्णता जात नाही, उष्णतेचे स्थानांतरण होते. पाणी तापत नाही, पाण्याच्या तापमानात वाढ होते. शास्त्रीय गांभीर्याच्या समजुतीतून आलेल्या या शैलीने नेमकी तीच क्रियापदे गाळली आहेत की ज्यांच्यात भेदाची जाण मुरलेली होती, आणि भार टाकला आहे तो ज्यांची अदलाबदल झाली आहे त्या दोन नामांवर. पुण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, पाणी १०० नव्हे तर सुमारे ९८ अंशांना उकळते. चुलीवरील पातेल्यातील पारा तेथे थांबतो. जाळ थांबत नाही. २५ अंशांचे पाणी तेथवर आणण्यास ग्रॅममागे ७३ कॅलरी पुरल्या, पण त्याची वाफ होण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. ‘पारा चढेनासा झाला, पण पाणी उष्णता घेतच राहिले’ हे वाक्य आठवीच्या मुलाला कळण्यासारखे आहे, आणि त्यात अशास्त्रीय असे काही नाही.

रूढ झालेल्या संज्ञा आता बदलाव्यात असे सुचविण्यात अर्थ नाही. उष्णता आणि तापमान हे शब्द वृत्तपत्रांत, वेधशाळेच्या बातमीपत्रांत आणि परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत पक्के झाले आहेत, आणि ‘औष्णिक’ हे विशेषण तर कोराडी, चंद्रपूर येथील विद्युत केंद्रांमुळे खेड्यापाड्यांतही पोचले आहे. करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत : उष्मा आणि उष्णता यांपैकी एकाची निवड, ‘पदार्थातील उष्णता’ याऐवजी ‘औष्णिक ऊर्जा’, तापमानाच्या पहिल्या परिचयातच राहणीमानाशी त्याची सांगड, आणि व्याख्येपूर्वी चढणे-उतरणे, देणे-घेणे व लागणे यांवर बेतलेला एखादा परिच्छेद. यासाठी भौतिकशास्त्रज्ञ व भाषाभ्यासक यांनी एका मेजाशी बसून मसुदा तपासावा लागेल, आणि तो तपासही संज्ञांच्या यादीपाशी न थांबता वाक्यांपर्यंत जावा लागेल.