चाप की वर्दी? : ट्रिगरच्या अधिकारमर्यादेचा विचार

डेटाबेसमधील एखाद्या टेबलात नोंद झाली, बदलली वा पुसली गेली की जी कार्यपद्धती आपोआप चालते, तिला ट्रिगर म्हणतात. एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात तिला स्थान मिळाले. अशा ट्रिगरने डेटाबेसबाहेरील स्क्रिप्ट चालवावी काय, आणि उपयोजनाचे नियम त्याच्यावर सोपवावेत काय, हा वाद जुना आहे. एक पक्ष सर्व काही ट्रिगरमध्ये घालू पाहतो. दुसरा त्याला हातही लावू देत नाही. दोन्ही पक्षांचा भर कार्य कोठे ठेवावे ह्यावर आहे. ते कार्य मागे घेता येते की नाही, हा त्याआधीचा प्रश्न दोघेही वगळतात.

ह्या दुर्लक्षाचे मूळ काही अंशी शब्दात आहे. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप ओढला की गोळी सुटते, ती परत येत नाही. परंतु डेटाबेसचा मूळ स्वभाव ह्याच्या उलट आहे. तेथील व्यवहार पक्का होईपर्यंत सर्वस्वी रद्द होऊ शकतो, आणि रद्द झाला की त्यातील प्रत्येक नोंद जणू झालीच नव्हती असे होते. ट्रिगर ह्याच व्यवहाराच्या पोटात चालतो. 'नंतर' ह्या विशेषणाने ओळखला जाणारा ट्रिगरही नोंदीनंतर चालतो, व्यवहार पक्का झाल्यानंतर नव्हे. त्याने धाडलेले पत्र मात्र व्यवहाराबरोबर परत फिरत नाही. न झालेल्या विक्रीची सूचना नागरिकाच्या हाती पडणे, हा त्याचा परिणाम होय. शिवाय पत्र पोहोचविणारा सर्व्हर निद्रिस्त असेल तर तो जागा होईपर्यंत नोंदीवरील कुलूप निघत नाही आणि मागील सर्व कामे खोळंबतात.

मराठी महसुली व्यवहारात ह्याहून नेमका शब्द उपलब्ध आहे : वर्दी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्यातील कलम १५४ प्रमाणे दस्त नोंदविणारा अधिकारी हस्तांतरणाची खबर तलाठ्यास देतो. कलम १५० प्रमाणे तलाठी ती फेरफार नोंदवहीत घेतो, तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना लेखी कळवितो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. पडताळणीनंतर वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मुलुंडसारख्या उपनगरात सातबाऱ्याच्या जागी बहुधा मिळकत पत्रिका असते आणि हे काम नगर भूमापन कार्यालयाकडे असते. तत्त्व मात्र तेच राहते. खरेदीखत नोंदविणारा हात पत्रिकेवरील नाव बदलीत नाही. तो केवळ वर्दी देतो.

ट्रिगरचे योग्य कार्य ह्याच मर्यादेत बसते. त्याने बाह्य कृती करू नये. मूळ नोंदीबरोबर, त्याच व्यवहारात, एका स्वतंत्र टेबलात वर्दीची ओळ लिहावी. व्यवहार रद्द झाला तर वर्दीही नाहीशी होते. पक्का झाला तर वेगळा कार्यक्रम ती वाचून पत्र धाडतो आणि तसा शेरा मारतो. पोस्टग्रेसमधील 'नोटिफाय' हा आदेशही व्यवहार पक्का झाल्यावरच संदेश सोडतो. परंतु त्या क्षणी ऐकणारा कोणी नसेल तर संदेश वाया जातो. म्हणून वर्दी लेखीच हवी. तसेच पत्र धाडल्यावर आणि शेरा मारण्यापूर्वी कार्यक्रम बंद पडल्यास तेच पत्र पुन्हा जाईल. ह्यासाठी प्रत्येक वर्दीस क्रमांक असावा आणि स्वीकारणाऱ्याने दुबार आलेली वर्दी ओळखून सोडून द्यावी.

ह्यावरून सर्व नियम डेटाबेसबाहेर काढावेत, असा निष्कर्ष निघत नाही. एकाच टेबलात अनेक उपयोजने लिहीत असतील, तर क्षेत्रांची बेरीज जुळविणे किंवा बदलाचा इतिहास ठेवणे हे ट्रिगरनेच करणे श्रेयस्कर. अन्यथा एखादे उपयोजन तो नियम विसरेल. अशी कामे डेटाबेसमध्येच घडतात आणि व्यवहाराबरोबर रद्दही होतात. कसोटी ही अशी आहे : जे व्यवहारासह मागे घेता येते ते आत, जे येत नाही त्याची केवळ वर्दी.

अधिकाराचा प्रश्नही ह्याच कसोटीला बळ देतो. ट्रिगरमधून चालणारी स्क्रिप्ट सामान्यतः डेटाबेस सर्व्हरच्या खात्याच्या अधिकारात चालते. साधी नोंद करणाऱ्याच्या हाती त्यामुळे अप्रत्यक्षपणे संपूर्ण यंत्राच्या किल्ल्या जाऊ शकतात. पोस्टग्रेसमध्ये अशी बाह्य सत्ता असलेल्या भाषांत कार्यपद्धती निर्माण करण्याची मुभा केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्यास असते, ती ह्याच कारणाने.

महसुली दृष्टान्ताला अर्थात मर्यादा आहे. तेथील विलंब हरकतीसाठी बुद्धिपुरस्सर ठेविलेला आहे. संगणकातील विलंब ही केवळ किंमत आहे. वर्दी आणि कृती ह्यांच्यामध्ये बाहेरचे जग काही काळ मागे राहते, आणि वर्दी वाचणारा कार्यक्रम बंद पडला तर ते मागेच राहील. त्यावर देखरेख ठेवावी लागते. परंतु उशिरा पोहोचलेली खरी सूचना आणि तत्काळ पोहोचलेली खोटी सूचना ह्यांत निवड करावयाची झाल्यास, अभिलेखावर ज्याचे घर अवलंबून आहे तो पहिलीच निवडील.