शोध आणि स्वामित्व : ‘डॉन स्टर्डी’ या किशोर साहसकथामालेचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन बालसाहित्यात साहसकथांच्या मालिका विपुल प्रमाणात निर्माण झाल्या. 1925 ते 1935 या काळात प्रसिद्ध झालेली ‘डॉन स्टर्डी’ ही 15 कादंबऱ्यांची मालिका त्यांपैकी एक होय. किशोरवयीन डॉन हा शिकारी काका कॅप्टन फ्रँक आणि शास्त्रज्ञ मामा अमोस ब्रूस यांच्यासमवेत जगभर भ्रमंती करतो. या मालिकेत ‘शोध’ या शब्दाला कोणता अर्थ प्राप्त होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मितिप्रक्रिया :
मुखपृष्ठावरील ‘व्हिक्टर ॲपल्टन’ हे नाव कोणा एका लेखकाचे नव्हे. ते स्ट्रेटमायर सिंडिकेट या संस्थेचे सामायिक टोपणनाव होते. संस्था कथानकाचा आराखडा देई आणि लेखक ठरावीक मोबदला घेऊन सर्व हक्क सोडून देई. जॉन डफिल्ड यांच्यासारख्या लेखकांचे श्रम त्यामुळे निनावीच राहिले.

आशयविचार :
तत्कालीन वार्तांशी असलेले नाते हे मालिकेचे बलस्थान आहे. तुतनखामेनची कबर 1922 मध्ये सापडली आणि 1925 मध्ये डॉन राजांच्या दरीत पोहोचला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कादंबरीत तो हवाई जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघतो. ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज प्रत्यक्षात ध्रुवावरून गेले ते 1926 मध्ये. भूगोलाविषयीचे कुतूहल जागविण्याची ही क्षमता नाकारता येत नाही.

तथापि हे कुतूहल निर्हेतुक नाही. दक्षिण अमेरिकेतील मोहिमेचे कारण म्हणजे काकांनी प्रचंड सर्प जिवंत पुरविण्याची घेतलेली मागणी. येथे अज्ञात प्रदेश हा पुरवठ्याचा साठा ठरतो. सहारावरील कादंबरीच्या जाहिरातीत तर वन्य पशू आणि कपटी अरब यांचा उल्लेख एकाच ओघात येतो. ज्यांची ती भूमी आहे, त्यांना संकटांच्या यादीत स्थान मिळते. जाणकारांच्या यादीत नाही. काकांची बंदूक आणि मामांचे शास्त्र परस्परांना छेद देत नाहीत, उलट पूरक ठरतात, ही बाब सूचक आहे.

सुरुवातीच्या कादंबऱ्यांत हरवलेल्या कुटुंबाचा शोध हे सूत्र आहे. तेथे प्रवासाला आंतरिक निकड लाभते. ते सूत्र संपल्यावर केवळ स्थळे बदलत राहतात.

निष्कर्ष :
अशी पुस्तके त्याज्य ठरविणे सोपे आहे. परंतु त्यामुळे त्यांतील दृष्टी अस्पर्शितच राहते. बालसाहित्याच्या अध्यापनात ती वाचताना वाट कोणी चालली यासोबतच वाट कोणी दाखविली, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.