सजगता-कौशल्यांचे मापन : केंटकी शोधिकेची एक चिकित्सा

प्रस्तावना

जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेवर आधारित ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून बौद्ध साधनापरंपरेतील ही संकल्पना हळूहळू मानसशास्त्रीय संशोधनाचा विषय बनली. रुग्णाला आलेला गुण सजगता वाढल्यामुळेच आला, असे सिद्ध करावयाचे तर सजगता मोजता आली पाहिजे. या गरजेतून निर्माण झालेल्या साधनांपैकी रूथ बेअर, ग्रेगरी स्मिथ व क्रिस्टिन ॲलन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली केंटकी सजगता-कौशल्य शोधिका महत्त्वाची ठरली. तिचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोधिकेचे स्वरूप व सामर्थ्य

मार्शा लिनेहान यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचारातील कौशल्य-प्रशिक्षणाचा आधार घेऊन ही शोधिका रचलेली आहे. तीत ३९ विधाने असून निरीक्षण, वर्णन, जाणीवपूर्वक कृती आणि निवाडा न करता स्वीकार अशी चार कौशल्ये स्वतंत्रपणे मोजली जातात. ब्राउन व रायन यांच्या २००३ मधील १५ विधानांच्या श्रेणीत सजगता हा एकच घटक मानला होता. त्या तुलनेत केंटकी शोधिकेची दृष्टी अधिक व्यापक आहे. एखादी व्यक्ती आपल्या भावनांचे नेमके वर्णन करू शकते, परंतु त्याच भावनांबद्दल स्वतःला दोषही देत राहते. एकाच गुणांकात हा भेद लोपतो; चार कौशल्यांच्या मांडणीत तो दिसून येतो. शिवाय कौशल्य म्हटले की ते शिकता व शिकवता येते, हे उपचाराच्या दृष्टीने मोलाचे गृहीतक आहे.

मर्यादा

पहिली अडचण निरीक्षण या घटकाची आहे. बेअर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पाच प्रश्नावल्यांची विधाने एकत्र करून पाच पैलूंची नवी प्रश्नावली तयार केली. त्या अभ्यासात ध्यानाचा अनुभव नसलेल्यांच्या बाबतीत निरीक्षण हा पैलू समग्र सजगतेच्या प्रतिमानात नीट बसला नाही. ध्यान करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तो बसला. याचा अर्थ गंभीर आहे. आपल्या छातीची धडधड सतत न्याहाळणारा चिंताग्रस्त विद्यार्थी आणि श्वासाकडे शांतपणे पाहणारा साधक एकाच विधानापुढे एकच आकडा नोंदवू शकतात. आकडा समान असला तरी अनुभव समान नसतो.

दुसरी अडचण उलट गुणांकनाची. केंटकी शोधिकेतील स्वीकाराची सर्व विधाने आत्मटीकेची असून त्यांचे गुण उलटे मोजले जातात. आत्मटीकेचा अभाव म्हणजेच स्वीकार, असे यात गृहीत धरलेले आहे. उदासीन मनुष्यही स्वतःवर टीका करीत नाही. तेवढ्याने तो सजग ठरत नाही.

तिसरी अडचण आत्मनिवेदन पद्धतीतच आहे. आपले लक्ष किती वेळा भरकटते हे सांगण्यासाठी ते भरकटल्याचे ध्यानात यावे लागते. ज्याच्या ते ध्यानात येत नाही, तो स्वतःला उत्तम गुण देईल. साधनेने ज्याची दृष्टी सूक्ष्म झाली, तो कदाचित कमी देईल. पॉल ग्रॉसमन यांनी २००८ पासून या मुद्द्याकडे लक्ष वेधले आहे. २०१६ मध्ये गोल्डबर्ग व सहकाऱ्यांना असे आढळले, की पाच पैलूंच्या प्रश्नावलीवरील गुण सजगता-प्रशिक्षणाच्या गटात जसे वाढले, तसेच ध्यानाचा समावेश नसलेल्या आरोग्य-संवर्धन कार्यक्रमाच्या गटातही वाढले. मग या प्रश्नावल्या सजगता मोजतात की सर्वसाधारण स्वास्थ्य, हा प्रश्न टाळता येत नाही.

मराठी अनुवादाचा प्रश्न

पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृती’. मराठीत हा शब्द आठवणीपुरता उरला आहे. ‘सावधान’ म्हटले की मंगलाष्टके, कवायत किंवा धोका डोळ्यांपुढे येतो. ‘सजगता’ हा पर्याय बरा असला तरी त्यात दक्षतेची छटा आहेच. म्हणून परकीय शोधिकेचे शब्दशः भाषांतर करून विश्वसनीयता गुणांक काढला, की मराठी मापनसाधन सिद्ध झाले, असे मानणे धोक्याचे आहे. विश्वसनीयता म्हणजे उत्तरांतील सुसंगती. उत्तरे कशाविषयी आहेत, हे सप्रमाणताच सांगते.

समारोप

केंटकी शोधिकेने सजगतेचे विघटन करून संशोधनाला दिशा दिली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि चार कौशल्यांची बेरीज करून एकच निष्कर्ष काढणे टाळावे. ध्यान करणाऱ्या व न करणाऱ्या गटांची सप्रमाणता वेगवेगळी तपासावी. इगतपुरीसारखे विपश्यना केंद्र असलेल्या महाराष्ट्रात असे दोन्ही गट उपलब्ध होऊ शकतात. प्रत्येक अनुवादित विधान प्रतिसादकाने कोणत्या अर्थाने घेतले, हे मुलाखतीतून जाणून घ्यावे. लेव्हिन्सन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या श्वासगणनेच्या कसोटीसारख्या वर्तनाधिष्ठित मापनाची जोडही द्यावी. अशा अभ्यासांच्या आधारे महाविद्यालयांत समुपदेशनाचे निर्णय घेतले जाणार असतील, तर मापनातील चूक केवळ प्रबंधापुरती राहत नाही. ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.