मांडवातल्या कॅसेटची साक्ष

पुण्यातल्या जुन्या गानरसिकाच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कॅसेटींचा एखादा डबा निघतो. त्यांवर कंपनीचे चित्र नसते. बॉलपेनने राग, गायकाचे नाव आणि तारीख लिहिलेली असते. मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून श्रोत्याने मैफलीत स्वतः केलेले हे ध्वनिमुद्रण. त्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘नुसती खरखर आहे.’ दुसरा म्हणतो, ‘खरे गाणे यातच आहे.’ हे यंत्र काय टिपू शकत होते आणि काय नाही, हा प्रश्न मात्र दोघेही विचारत नाहीत. प्रयोगशाळेत तापमापीची नोंद आपण तिची त्रुटी लक्षात घेऊनच स्वीकारतो. कॅसेटलाही तोच न्याय हवा.

प्रथम तिची जमेची बाजू. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत, लाँग प्ले तबकडीवर वीस-पंचवीस. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटचा ९० मिनिटांचा प्रकार एका बाजूवर ४५ मिनिटे सलग टिपतो. तासभर चालणाऱ्या ख्यालाला हा फरक मोठा आहे. शिवाय १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी गाणे रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि मांडवातल्या त्या रात्री संपल्या. अशा रात्री राग कसा उलगडला, किती वेळ घेतला, दाद नेमकी कुठे आली, हे स्टुडिओतल्या तबकडीतून कळणार नाही. क्रम आणि श्रोते यांबाबत कॅसेटची साक्ष भक्कम आहे.

स्वराबाबत मात्र ती सहज फसवते. फितीचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. मुद्रण करताना सेल उतरले आणि वेग ४.४९ वर आला असे समजा. तीच फीत घरी योग्य वेगाने वाजवली की सर्व वारंवारता सहा टक्क्यांनी वाढतात. सहा टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर! काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, लयही तेवढीच चढते आणि तासाभराचे गाणे सुमारे साडेछप्पन्न मिनिटांत आटोपते. ‘तरुणपणी बुवा चढ्या पट्टीत आणि द्रुत गात’ असा निष्कर्ष आपण काढतो. प्रत्यक्षात गुण सेलचा असतो. पडताळा कसा घ्यावा? पेटीकडे कान द्या. तंबोरा मध्येच जुळवता येतो, पण पेटीच्या धातूच्या पट्ट्या मैफलीत आपला स्वर बदलत नाहीत. सुरुवातीची पेटी आणि चाळीस मिनिटांनंतरची पेटी ताडून पाहावी. पेटीच वर सरकली असेल, तर सेल उतरत होते.

आवाजाच्या चढउताराबाबतही सावध राहावे. बहुतेक घरगुती यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असे. शांततेत ती संवेदनशीलता वाढवते, मोठा आवाज आला की कमी करते. म्हणून गायक थांबला की तंबोरा आणि शेजाऱ्याचा खोकला फुगतो. टाळ्यांनंतरची पहिली आलापी दबून येते आणि हळूहळू वर येते. गायकाने मुद्दाम हळू सूर लावला होता की यंत्राने तो दाबला, हे अशा फितीवरून ठरवणे धोक्याचे आहे. तरीही ‘आवाज बसला होता’ असे शेरे याच पुराव्यावर मारले जातात.

तिसरी त्रुटी यंत्राची नाही, रसिकाची आहे. अमेरिकेत डीन बेनेडेटी या चाहत्याने १९४७-४८ मध्ये चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाची मुद्रणे केली. पार्करचे वादन संपले की तो यंत्र बंद करी. साथीदारांनी काय वाजवले, ते बहुतांशी गेलेच. आपल्याकडेही तबल्याचा एकल भाग चालू असताना कॅसेट उलटण्याची सोय साधली जाते.

कलावंताच्या संमतीचा प्रश्नही टाळता येत नाही. ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाने १९८४ पासून मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. आपल्या कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीत कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क मान्य केला. खासगी वापर आणि निव्वळ अध्यापन-संशोधन यांसाठी केलेल्या मुद्रणाला त्यात सूट आहे, धंद्याला नाही. वर्गात अशी फीत ऐकवताना हा फरक विद्यार्थ्यांना सांगावा.

आज या फिती जुन्या होत चालल्या आहेत आणि घरोघरी त्या संगणकावर उतरवल्या जात आहेत. उतरवताना खरखर ‘साफ’ करण्याची घाई होते. या सफाईत ध्वनिवर्धकातून आलेली वीजपुरवठ्याची गुणगुणही पुसली जाते. तिची वारंवारता ५० हर्ट्झच्या, किंवा तिच्या दुपटीच्या, आसपास असायला हवी. पुरवठा थोडा कमीजास्त होत असला, तरी ती ५३ वर आढळली तर वेगाविषयी शंका घेण्यास पुरेसे कारण आहे. म्हणजे आपण जो कचरा म्हणून फेकतो, तोच पुरावा असतो. तेव्हा पहिली प्रत जशीच्या तशी ठेवावी. सोबत तारीख, जागा, यंत्र आणि ते सेलवर होते की विजेवर, हे लिहावे. आजोबांना विचारून ही माहिती मिळवणे विद्यार्थ्यांना सहज जमेल. आजोबा आहेत तोवरच हे होईल.