नाकाच्या मापापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

जात या एकाच वस्तुस्थितीवर आज किती शास्त्रे काम करीत आहेत याचा हिशोब मांडला तर मती गुंग होते. मानववंशशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास ही जुनी मंडळी झाली. त्यांच्या जोडीला आता जनुकशास्त्र आले, अर्थशास्त्र आले, मानसशास्त्र आले, लोकसंख्याशास्त्र आणि वैद्यक आले. प्रत्येकाची हत्यारे वेगळी, भाषा वेगळी, पुराव्याची कल्पनाही वेगळी. या पसाऱ्याचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण ज्यांच्या अंगावर ही मापे घेतली गेली, त्यांच्या बाजूने या संशोधनाची समीक्षा आपल्याकडे फारशी झालेली नाही. आपला कार्यकर्ता संशोधनाचा निष्कर्ष तेवढा उचलतो आणि व्यासपीठावरून फेकतो. निष्कर्ष कोणत्या पद्धतीतून आला, ती पद्धत काय मोजते आणि काय मोजूच शकत नाही, हे विचारायला त्याला सवड नसते. ही सवड काढली पाहिजे.

सुरुवात नाकापासून करावी लागते. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, या नासिकांकाच्या आधारे त्याने जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धान्त. १९०८ साली ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात तो पक्का झाला. आज हे वाचून हसू येते. त्या काळी मात्र हे आधुनिक विज्ञान होते; त्याला यंत्र होते, तक्ते होते, सरासऱ्या होत्या. मनूला जे धर्माने सांगावे लागले ते रिस्लेने कॅलिपरने सांगितले.

पुढची गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात तीच आकडेवारी प्रांतवार लावून पाहिली. मुंबई इलाख्यात देशस्थ ब्राह्मण हा चित्पावनापेक्षा सोनकोळ्याला जवळचा निघाला आणि महार हा कुणब्याच्या शेजारी बसला. म्हणजे मापानेच मापाचा सिद्धान्त मोडला. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये घुर्यांचेच तक्ते समोर ठेवले आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात शोधणारी उपपत्ती निकालात काढली. त्यांच्या युक्तिवादाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. नासिकांक हे सत्याचे अंतिम प्रमाण आहे असे ते म्हणत नाहीत. हे शास्त्र विश्वासार्ह मानायचे असेल, तर त्याच्याच आकड्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एका वंशाचे ठरतात, अशी अट घालून ते बोलतात. ही अट आपण विसरलो. प्रतिपक्षाचे हत्यार हातात घेऊन त्याची धार तपासणे वेगळे आणि त्याच हत्याराची पूजा मांडणे वेगळे.

पूजा मांडल्याचे उदाहरण दूर शोधायला नको. २००१ साली ‘जीनोम रिसर्च’ या नियतकालिकात बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आंध्रातील जातींवरचा निबंध आला. वरच्या जातींच्या पितृवंशीय खुणा युरोपीय लोकांना अधिक जवळच्या आहेत, असा त्याचा एक निष्कर्ष होता. तेव्हापासून ‘डीएनएने सिद्ध झाले’ हे वाक्य आपल्या सभांमधून ऐकू येते. ब्राह्मण परकीय, आपण मूलनिवासी, विषय संपला. टाळ्याही पडतात.

विषय संपत नाही. २००९ साली ‘नेचर’मध्ये डेव्हिड राइख, के. थंगराज, लालजी सिंग प्रभृतींनी २५ समूहांतील १३२ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास मांडला. भारतातील बहुतेक सर्व समूह हे दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले. वरच्या जातींत एकाचे प्रमाण जास्त, खालच्यांत दुसऱ्याचे, पण मिश्रण सगळ्यांत. २०१३ साली याच परंपरेतील मूरजानी यांच्या निबंधाने या मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरविला. त्या काळात सरमिसळ व्यापक होती, मग ती थांबली आणि गट आपापल्या आत लग्ने करू लागले. म्हणजे शुद्ध परका नाही आणि शुद्ध मूळचाही नाही. ज्या कार्यकर्त्याला रक्ताच्या जोरावर हक्क मागायचा आहे, त्याच्या हाती हे विज्ञान काही देत नाही. १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त नाकारलेला आहे. त्यांच्या प्रतिमेखाली उभे राहून वंशसिद्धान्त सांगणे ही रिस्लेची नाकमापणीच झाली, फक्त पट्टीची टोके उलटी धरलेली.

उलट बाजूचा मोहही तितकाच धोक्याचा आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमरावाने जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे असे सांगितले. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. विवाह, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची सामाजिक रचना त्याने तर्काने उलगडली. शंभर वर्षांनी, २०१६ साली, कल्याणी येथील संस्थेतल्या बसू, मजुमदार यांच्या अभ्यासाने असे दाखविले की काही वरच्या जातींतील सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण गुप्तकाळात, एकाएकी थांबली. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमाराचा मानला होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कोणालाही उडी मारावीशी वाटेल. पण मजुमदारांनी मोजले ते काही समूहांतील मिश्रणाचे थांबणे आणि बाबासाहेब बोलत होते ते अस्पृश्यतेच्या उगमाविषयी. या दोन वेगळ्या घटना आहेत. शिवाय उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेने तारीख पाचशे वर्षांनी मागेपुढे सरकवली, तर आपण जातिअंताची मागणी पुढे ढकलणार आहोत काय? माणूस माणसाला समान आहे हे ठरविण्यासाठी परीक्षानळीची वाट पाहण्याची गरज नाही. ती कोणाला पाहायची असेल तर पाहू द्या.

इथे इरावती कर्व्यांचा उल्लेख करायला हवा. त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट केली ती ऑयगेन फिशर यांच्याकडे. फिशर यांची संस्था पुढे नाझींच्या वंशधोरणाला जुंपली गेली. गुरूचा वंशविषयक कल कर्व्यांनी आपल्या कवट्यांच्या मोजमापात उतरू दिला नाही, ही त्यांची नोंद घेण्याजोगी बाजू. पुढे महाराष्ट्रात मात्र जातीला त्या मुख्यतः सोयरिकीचा विस्तार म्हणून पाहतात. त्यात गावकुसाबाहेरच्या माणसाची भूक आणि अपमान यांना जागा सापडत नाही. एवढ्यावर थांबतो, त्यांच्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

सामाजिक शास्त्रांकडे वळले की चित्र पालटते. नैसर्गिक विज्ञानाची प्रयोगपद्धती ज्यांनी प्रामाणिकपणे उचलली, त्यांनी आपल्या अनुभवाला नाकारता न येणारे रूप दिले. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता ०.६७ पट, मुसलमान नावाला ०.३३ पट. ‘तुम्हाला उगाच तसे वाटते’ हे उत्तर आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला या दोन आकड्यांची किंमत कळेल.

त्याहून मला अस्वस्थ करणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा. उत्तर प्रदेशातील खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर नसताना उच्च जातीची आणि चर्मकार समाजाची मुले सारखीच सोडवीत होती. सगळ्यांसमोर नाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखविल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, मुलगा तोच, कोडेही तेच. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे वाचावे. आपल्या शाळांत शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना भर वर्गात कोणाची नावे पुकारली जातात, हे आठवले तरी पुरे.

आता सिकलसेल. नैसर्गिक आणि सामाजिक शास्त्रांनी एकत्र बसायला हवे असा प्रश्न याहून दुसरा नाही, आणि तो आपल्या विदर्भातला आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. त्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिनी अडते, सांधे ठणकतात, मूल वाढत नाही. १९५४ साली अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखविले की ज्याच्याकडे हा दोष एकाच पालकाकडून आलेला आहे, त्याला मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे मलेरियाच्या प्रदेशात राहिलेल्या पिढ्यांची ही खूण. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपूरकडील महारांतील नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली.

तेव्हापासून हा आजार जातीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. दवाखान्यात जात विचारून रक्त तपासण्याची सोय झाली. सोय खरी आहे. ज्यांच्यात प्रमाण जास्त त्यांची तपासणी आधी व्हावी, यात गैर काही नाही. पण ‘महारांचा रोग’ हा शब्दप्रयोग सोयीपुरता राहत नाही. तो सोयरिकीच्या बैठकीत जातो, मुलीचे लग्न मोडतो, आजार लपवायला शिकवितो. आणि गंमत पाहा. २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूह असे निघाले की त्यांच्यात आतल्या आत लग्ने झाल्याचा जनुकीय ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही खोल आहे. त्यात आंध्रचे वैश्य आहेत. भूल देताना वापरले जाणारे एक औषध त्यांच्यातील काहींना सोसत नाही. त्याला कोणी ‘वाण्यांचा रोग’ म्हणत नाही. कलंक जनुकात नसतो, तो कुठे राहतो हे आपल्याला ठाऊक आहे.

२०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, मुदत २०४७. त्यात तपासणी आहे, कार्ड आहे, समुपदेशन आहे. दोन वाहकांनी लग्न केल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. वाहकाने कोणाशी लग्न करू नये हे मी अनेकदा ऐकले. जातीबाहेर पाहा, असे कोणी सांगताना मला तरी आढळले नाही. मी हे जनुके धुऊन काढण्यासाठी म्हणत नाही. तो विचार फिशरच्या वाटेने जातो. म्हणणे एवढेच की ज्या भिंतीने आजार एका वस्तीत कोंडून ठेवला, त्या भिंतीचा उल्लेखही टाळला जातो. वैद्यक म्हणते, तो समाजशास्त्राचा विषय. समाजशास्त्र म्हणते, रक्ताचे आम्हांला काय कळते.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी भारतीय सामाजिक शास्त्रांची विभागणी दाखविली, तेव्हा ती अनेकांना झोंबली. नैसर्गिक विज्ञानात तर आपण तेवढेही नाही; तिथे आपण नमुना आहोत. थेंबभर रक्त देणारे हजारो, त्यावर प्रश्न विचारणारा विरळा. आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला आलेली आमची बहुतेक मुले मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतात. मीही तेच घेतले. घरातला पहिला पदवीधर ज्या फीत आणि ज्या वेळापत्रकात बसतो, तेच घेतो. प्रयोगशाळेचे शिक्षण महाग, लांब, आणि तिथे ओळखीचे कोणी नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने, जी स्वतः वाहक आहे, विचारले की सिकलसेलवर पीएच.डी. करायची तर प्रवेश जीवशास्त्रात घ्यायचा की समाजशास्त्रात. दोन्ही विभागांत चौकशी केली. दोघांनीही तिला दुसऱ्या विभागाकडे बोट दाखविले. सध्या ती गावोगाव फिरून वाहक मुलींच्या मोडलेल्या सोयरिकींची नोंद एका वहीत करते आहे, आणि जीवरसायनशास्त्राची पुस्तके माझ्याकडे मागते, जी माझ्याकडे नाहीत.